बचत खातं कसं निवडावं: आधी शुल्क बघा, व्याज नंतर

बहुतेकांची बचत खाती निवडलेली नसतात, होऊन गेलेली असतात. कॉलेजात शिष्यवृत्ती जमा व्हावी म्हणून एक काढलं जातं, पहिल्या नोकरीत कंपनी सांगेल त्या बँकेत दुसरं, आणि वडिलांनी गावी जिल्हा बँकेत काढून ठेवलेलं तिसरं. मग कधीतरी स्वतः विचार करून खातं उघडायची वेळ येते आणि जाहिरातींचा मारा सुरू होतो. ‘७ टक्क्यांपर्यंत व्याज’, ‘झिरो बॅलन्स’, ‘पाच मिनिटांत खातं’. नेमकं कशाला महत्त्व द्यायचं हे नव्या माणसाला कळत नाही. त्याच्यासाठी हा लेख आहे.

एक हिशेब आधी मांडतो. तुमच्या खात्यात वर्षभर सरासरी ५०,००० रुपये राहतात असं धरा. २.५ टक्के व्याज देणारी बँक वर्षाला १,२५० रुपये देईल, ६ टक्के देणारी ३,००० देईल. फरक १,७५० रुपयांचा, म्हणजे महिन्याला दीडशेपेक्षाही कमी. किमान शिल्लक राखली नाही म्हणून एका महिन्यात कापली जाणारी रक्कम याहून जास्त असू शकते. म्हणून लाखभरापेक्षा कमी शिल्लक ठेवणाऱ्याने व्याजाआधी खातं आपल्याकडून काय काय घेणार ते तपासावं. बँका मात्र व्याज मोठ्या अक्षरात छापतात आणि शुल्क बारीक अक्षरात.

पायरी १: जुन्या पासबुकात एंट्री करून आणा

आत्ताचं जे खातं असेल त्याचं गेल्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढा किंवा पासबुक भरून आणा. दर महिन्याचा सगळ्यात खाली गेलेला आकडा पेन्सिलने गोल करा. एटीएममधून रोकड किती वेळा काढली आणि ती आपल्याच बँकेच्या मशीनमधून की दुसऱ्याच्या, ते मोजा. गावी दर महिन्याला पैसे पाठवत असाल, हप्ता जात असेल, दुकानाची रोकड भरत असाल, तर तेही लिहून काढा. एवढ्याने तुमच्या गरजेचं खातं कोणतं हे निम्मं ठरतं. ज्याचा खालचा आकडा दर महिन्याला ८०० रुपयांवर जातो, त्याने १०,००० किमान शिल्लक मागणाऱ्या बँकेच्या दारात उभं राहू नये, मग शाखा कितीही चकचकीत असो.

पायरी २: किमान शिल्लक नीट समजून घ्या

सर्वात जास्त पैसे इथे जातात, म्हणून इथे जरा थांबू.

बऱ्याच खाजगी बँका महिन्याची सरासरी शिल्लक बघतात. ‘खात्यात १०,००० कायम ठेवा’ असा त्याचा अर्थ नाही. रोज रात्री दिवसअखेर जी शिल्लक उरते, त्या सगळ्या आकड्यांची बेरीज करून महिन्याच्या दिवसांनी भागायचं. एक उदाहरण घेऊ. पगार १ तारखेला आला. १ ते ५ तारखेपर्यंत खात्यात २०,००० होते. मग खोलीचं भाडं गेलं, घरी पैसे पाठवले, आणि ६ ते १५ तारखेपर्यंत ८,००० उरले. १६ ते ३० तारखेपर्यंत २,०००. हिशेब असा: ५ दिवसांचे १,००,०००, १० दिवसांचे ८०,०००, १५ दिवसांचे ३०,०००. बेरीज २,१०,०००. भागिले ३०, म्हणजे सरासरी ७,०००. बँकेची अट १०,०००ची असेल, तर तूट ३,०००ची.

काही मोठ्या बँका तुटीच्या ६ टक्के दंड लावतात. म्हणजे १८० रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २१२ रुपये ४० पैसे. त्याच महिन्यात २.५ टक्क्यांनी तुम्हाला व्याज मिळेल साधारण १४ रुपये. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघा, म्हणजे आधी काय तपासायचं ते पटेल.

याच हिशेबातून एक उपायही निघतो. ३,०००ची तूट म्हणजे ३० दिवसांचे मिळून ९०,०००. महिन्याच्या मध्यावर हे लक्षात आलं, आणि ९,००० रुपये जास्तीचे दहा दिवस खात्यात ठेवता आले, तर सरासरी भरून निघते. घरातल्या कोणाकडून दहा दिवसांसाठी पैसे मागून घेणं अशा वेळी शहाणपणाचं ठरतं. मात्र बँक सरासरी महिन्याची धरते की तिमाहीची, हे विचारून ठेवा. तिमाहीची असेल तर भागाकार ९० दिवसांनी होतो आणि सगळी गणितं बदलतात.

या दंडाबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम २०१४ च्या परिपत्रकापासून स्पष्ट आहेत. शिल्लक कमी झाल्याचं बँकेने आधी कळवायचं, ती भरायला निदान एक महिना द्यायचा, दंड तुटीच्या प्रमाणात असायला हवा, आणि केवळ दंडामुळे खातं उणे होता कामा नये. तुमच्या खात्यात नुसत्या दंडाने उणे शिल्लक दिसत असेल, तर लेखी तक्रार करा, बोलण्यावर सोडू नका.

सरकारी बँकांत आता बराच दिलासा आहे. स्टेट बँकेने किमान शिल्लकेची अट मार्च २०२० मध्येच काढली. २०२५ च्या जून-जुलैत कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, इंडियन बँक यांनीही दंड बंद केला. उलट त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने महानगरांतल्या नव्या खात्यांसाठी ही अट ५०,०००वर नेली, आणि मग ओरड झाल्यावर १५,०००वर आणली. ही रक्कम ठरवायचा अधिकार प्रत्येक बँकेचा आहे आणि ती बदलू शकते. म्हणून मित्राने दोन वर्षांपूर्वी सांगितलेला आकडा धरून चालू नका.

ज्यांना शिल्लक ठेवणं जमणारच नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक बँकेत ‘बेसिक सेव्हिंग्ज’ खातं असतं. जनधन खातं त्याच प्रकारचं. त्यात किमान शिल्लक नाही, एटीएम कार्ड मोफत, आणि महिन्यात किमान चार वेळा पैसे मोफत काढता येतात. अट एकच, त्या बँकेत तुमचं दुसरं बचत खातं नसावं. हे खातं मागायला कमीपणा वाटून घेऊ नये. काउंटरवर ‘तसं खातं आमच्याकडे नाही’ असं उत्तर मिळालं, तर नियमाचा उल्लेख करून शाखा व्यवस्थापकांना भेटा.

पगाराच्या खात्याबद्दल एक सावधगिरी. ते झिरो बॅलन्स असतं ते पगार येतोय तोवर. नोकरी सुटली आणि काही महिने (बऱ्याच बँकांत तीन) पगार आला नाही, की त्याचं साधं बचत खातं होतं आणि किमान शिल्लकेची अट लागू होते. नोकरी बदलणाऱ्या कितीतरी मुलांची जुनी खाती अशी दंडात अडकतात.

पायरी ३: बाकीची शुल्कं

बँकेच्या वेबसाइटवर ‘शेड्यूल ऑफ चार्जेस’ नावाचं पत्रक असतं. ते उतरवून घ्या. वेबसाइट खरी आहे का हे आता ओळखता येतं: रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार भारतीय बँकांचे पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’वर संपायला हवेत.

पत्रकात डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क, एसएमएसचं तिमाही शुल्क, चेकबुक, रोकड भरण्याची मोफत मर्यादा आणि हप्ता परत जाण्याचा दंड एवढं बघा. शेवटचं जरा महत्त्वाचं. खात्यात पैसे नसताना मोबाइलचा किंवा गाडीचा हप्ता आला आणि परत गेला, तर तुमची बँक सहसा २५० ते ५०० रुपयांच्या घरात आकारते. शिवाय कर्ज देणारी कंपनी तिचा दंड वेगळा लावते.

एटीएमचं गणित गावाप्रमाणे बदलतं. स्वतःच्या बँकेच्या मशीनवर महिन्यात पाच व्यवहार मोफत. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर मुंबईसह सहा महानगरांत तीन, इतरत्र पाच. पुणे, नागपूर, नाशिक त्या सहांत येत नाहीत, म्हणजे तिथे पाच. त्यापुढे मे २०२५ पासून प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत आणि वर जीएसटी. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर नुसती शिल्लक बघितली तरी मोफत व्यवहारांतला एक खर्ची पडतो. तालुक्याच्या गावात राहणाऱ्याने बाजारपेठेत कोणत्या बँकेचं एटीएम खरंच चालू असतं हे बघून बँक निवडली, तर त्यात काही चूक नाही.

पायरी ४: आता व्याज

२०११ च्या ऑक्टोबरपर्यंत सगळ्या बँकांना बचत खात्यावर एकच दर द्यावा लागे, शेवटी तो ४ टक्के होता. मग रिझर्व्ह बँकेने दर मोकळे केले. आज मोठ्या बँकांचे दर तळाला आहेत. स्टेट बँकेने जून २०२५ मध्ये २.७ वरून २.५ टक्के केला, मोठ्या खाजगी बँकाही त्याच पातळीवर आल्या. स्मॉल फायनान्स बँका (मुख्यतः छोट्या ग्राहकांसाठी परवाना मिळालेल्या बँका) जास्त देतात, कारण त्यांना ठेवी गोळा करायच्या असतात. पोस्टाच्या बचत खात्याचा दर मात्र २०११ च्या डिसेंबरपासून ४ टक्क्यांवर टिकून आहे.

जाहिरातीतला ‘पर्यंत’ हा शब्द कधी सोडू नका. समजा एक बँक पहिल्या लाखावर ३ टक्के, एक ते पाच लाखांच्या भागावर ५ टक्के आणि पाच लाखांवरच्या भागावर ७ टक्के देते. जाहिरातीत दिसेल ७. तुमचे २ लाख असतील तर मिळतील ३,००० अधिक ५,००० म्हणजे ८,०००. सरासरी दर काढला तर तो ४ टक्केच, पोस्टाएवढा. त्यामुळे दर विचारताना ‘माझ्या दोन लाखांवर वर्षाला किती रुपये?’ असंच विचारा.

बँकांत व्याज रोजच्या शिल्लकेवर धरलं जातं आणि निदान तिमाहीला जमा होतं. पोस्टात पद्धत वेगळी आहे: १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी सर्वात कमी शिल्लक असेल तिच्यावर व्याज. म्हणून पोस्टात पैसे भरायचे तर १० तारखेच्या आत भरावेत, आणि काढायचे तर शक्यतो पुढचा महिना लागल्यावर १ ते ९ तारखेत काढावेत. १२ तारखेला भरलेल्या पैशांवर त्या महिन्याचं काहीच मिळत नाही. पोस्टात किमान शिल्लक फक्त ५०० रुपये आणि पैशांना सरकारची हमी. ज्याला रोज उलाढाल करायची नाही अशा माणसाला मी हे खातं मनापासून सुचवतो. यूपीआय हवं असेल तर मात्र त्याला इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं जोडावं लागतं.

बचत खात्याच्या व्याजावर बँक टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापत नाही, पण ते उत्पन्नात धरावं लागतं. जुनी करप्रणाली घेतलेल्यांना १०,००० रुपयांपर्यंतच्या व्याजाची वजावट मिळते, ज्येष्ठ नागरिकांना मुदत ठेवींसह ५०,०००. नव्या प्रणालीत ही वजावट नाही.

पायरी ५: पैसे बुडणार नाहीत ना?

महाराष्ट्रात हा प्रश्न हलका नाही. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवाना रद्द झाला. ठेवीदार इतकी वर्षं वाट बघत राहिले. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या शाखांबाहेर तशाच रांगा लागल्या. ती बँक पुढे ऑगस्टमध्ये सारस्वत बँकेत विलीन झाली.

बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाखांपर्यंत मिळतात. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून वाढली. यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं, बचत खातं आणि मुदत ठेव दोन्ही आलं. त्याच बँकेच्या दादर आणि सांगली शाखेत वेगवेगळी खाती असली तरी ती एकत्रच धरतात. २०२१ च्या दुरुस्तीमुळे निर्बंध आल्यावर विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळायची तरतूद झाली. म्हणजे एका बँकेत व्याज धरून ५ लाखांच्या आत राहिलात, तर सहकारी बँक असो की स्मॉल फायनान्स बँक, तुमची रक्कम विम्याच्या छत्राखाली आहे.

पतसंस्थेला हा विमा नाही. मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीलाही नाही. पाटी मोठी असते, शाखा एसी असते, संचालक ओळखीचे असतात, व्याज बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त असतं, आणि गावोगावी लोकांनी मुलीच्या लग्नाचे, ऊस बिलाचे पैसे तिथे ठेवलेले असतात. माझं सांगणं स्पष्ट आहे: अडीअडचणीला लागणारा पैसा तिथे ठेवू नका.

मोबाइल अॅपवर खातं उघडताना अॅपमागे कोणती बँक आहे ते वाचा. परवाना बँकेचा असतो, अॅप फक्त दर्शनी भाग. पेमेंट्स बँक (कर्ज न देणारी, मर्यादित सेवांची बँक) असेल तर तिथे दिवसअखेर २ लाखांपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत.

पायरी ६: दोन खाती ठेवा

एकच खातं सगळ्या कामांना वापरू नये असं माझं ठाम मत आहे. एक रोजच्या व्यवहारांचं: यूपीआय, वाणसामान, रिचार्ज, हप्ते. किमान शिल्लक नसलेली सरकारी बँक किंवा पगाराचं खातं यासाठी चांगलं. दुसरं साठ्याचं: तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे, आणि त्याला यूपीआय अजिबात जोडायचं नाही. फोन चोरीला गेला किंवा कोणी फसवून पैसे काढले, तर निदान हा साठा शाबूत राहतो. (फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा, शाखा उघडायची वाट बघू नका.) या दुसऱ्या खात्यात चार टक्के आणि त्याहून जास्त व्याज शोधायला अर्थ आहे. ‘ऑटो स्वीप’ची सोय असेल तर ठरावीक रकमेवरचे पैसे आपोआप मुदत ठेवीत जातात आणि गरज पडली की परत येतात. किती रकमेवर ती सुरू होते आणि मुदतीआधी मोडल्यास किती व्याज कापतात, हे दोनच प्रश्न विचारा.

तिसरं, चौथं खातं नको. प्रत्येकाचं कार्ड, प्रत्येकाचा एसएमएस, प्रत्येकाचं केवायसी मागे लागतं.

पायरी ७: फॉर्म भरताना

आधार, पॅन, दोन फोटो. फॉर्म मराठीतून मागू शकता, स्थानिक भाषेत तो ठेवणं बँकांवर बंधनकारक आहे. सही करण्याआधी सगळ्या चौकोनांवरच्या खुणा स्वतः वाचा. कार्डाचा प्रकार ‘प्लॅटिनम’ भरलेला असेल आणि तुम्हाला नुसते पैसे काढायचे असतील, तर साधं कार्ड मागा. विम्याचे चौकोन बघा. जीवन ज्योती विम्याचे वर्षाला ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये कापले जातात. दोन्ही योजना स्वस्त आणि उपयोगी आहेत, पण घरच्यांना त्या माहीत नसतील तर उपयोग शून्य. घेतलात तर पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

नॉमिनीचा रकाना रिकामा सोडू नका. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावं देता येतात, प्रत्येकाचा हिस्सा ठरवून. आईवडिलांसोबत संयुक्त खातं असेल तर ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ हा पर्याय घ्या, नाहीतर आजारपणात दुसऱ्याच्या सहीसाठी सगळं अडतं. परदेशी नोकरीला जाणार असाल, दुबई असो की मस्कत, तर इथलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं इथलं रुपयांतलं खातं) करून घ्यावं लागतं.

पायरी ८: जुनं खातं बंद करण्याआधी

इथे घाई नडते. सरकारी योजनांचे पैसे आधारला शेवटच्या जोडलेल्या बँकेत जातात. लाडकी बहीणचे १,५०० रुपये, पीएम किसानचा हप्ता, शिष्यवृत्ती, सगळं तिकडे. नवं खातं उघडताना फॉर्ममधल्या ‘थेट लाभ हस्तांतरण’ या चौकोनावर खूण झाली, तर पुढचा हप्ता नकळत नव्या खात्यात येतो आणि आई जुन्या पासबुकात एंट्री करून ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणून काळजी करत बसते. घरात कोणाचं आधार कोणत्या बँकेला जोडलेलं आहे हे यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर बघता येतं.

त्यानंतर पीएफ, आयकर परतावा, एलआयसीचा हप्ता, गॅसचं अनुदान, एसआयपी यांना नवा खाते क्रमांक द्या. दोन महिने दोन्ही खाती चालू ठेवा. जुन्यात काही येत-जात नाही याची खात्री झाली की गेल्या काही वर्षांचं स्टेटमेंट उतरवून घ्या, कार्ड आणि उरलेले चेक जमा करा आणि खातं बंद झाल्याचं लेखी घ्या. उघडल्यापासून वर्षाच्या आत बंद केलं तर काही बँका शुल्क लावतात, पत्रकात बघा. नुसतं सोडून देऊ नका: दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, आणि दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती परत मिळते, पण खटाटोप करून. घरातल्या कोणाचं असं विसरलेलं खातं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर नाव टाकून शोधा.

बँकेने चुकीचं शुल्क कापलं आणि शाखेने दाद दिली नाही, तर लेखी किंवा ईमेलने तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही. मदतीचा क्रमांक १४४४८. तक्रारीला पासबुकाच्या त्या पानाचा फोटो, बँकेला केलेला अर्ज आणि तिचं उत्तर आलं असेल तर तेही जोडा.